मिशीत असते नाक, मिशीत असतात कान

सदर : अंगणातले विज्ञान

या महिन्याचा विषय एका पत्रातून आला आहे. मुरबाड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे :

“अस्सलामु अलैकुम. भात झोडून झाले की आम्ही एक एकरात भेंडी लावतो. यंदा भेंडीत लटकवायला सापळे मिळाले. प्लास्टिकचे नरसाळे, खाली पिशवी आणि वर एक इवलीशी रबरी गोळी. तिच्यात विष नाही, नुसता वास आहे म्हणे, आणि तो वासही आम्हाला येत नाही. घरचे म्हणतात, वासाने कुठे अळी मरते? त्यापेक्षा फवारा मारलेला बरा. पण फवाऱ्यानंतर भेंडी तोडायला मी आणि माझ्या जावा जातो. हात चुरचुरतात, डोळे झोंबतात. घरातली मुलेही तीच भेंडी खातात. खरे काय ते सांगा.”

व अलैकुम अस्सलाम, ताई. घरचे म्हणतात त्यात अर्धे खरे आहे. वासाने अळी मरत नाही. वासाने अळीचा बाप पकडला जातो. तो कसा पकडला जातो हे समजले, तर सापळा कुठे लावायचा, कधी लावायचा आणि त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही समजेल. त्यासाठी आधी कीटकाच्या मिशीची ओळख करून घेऊ. डास, झुरळ आणि मुंगी यांचाही कारभार याच मिशीवर चालतो, त्यामुळे शेती नसलेल्या वाचकांनाही हे उपयोगी पडेल.

मिशी म्हणजे काय?

शाळेच्या पुस्तकात तिला शृंगिका म्हणतात. आपण मिशी म्हणतो, पण ती केसांची नसते. कीटकाचे सगळे अंग ज्या कवचाचे, त्याच कवचाची ती पोकळ नळी असते आणि आतून नसा जातात. कोलंबी साफ करताना तिच्या डोक्याकडे नीट पाहा. तिला मिशांच्या दोन जोड्या असतात. कीटकाला एकच जोडी असते. कोळी आणि विंचू यांना मिशा नसतातच. म्हणून त्यांना कीटक म्हणत नाहीत.

प्रत्येक मिशीचे तीन भाग असतात. डोक्याच्या खोबणीत बसलेले बूड, त्यावर छोटासा देठ आणि त्यापुढे चाबकासारखा लांब भाग. मिशी हलवणारे स्नायू डोक्यात आणि बुडात असतात. पुढच्या चाबकात एकही स्नायू नसतो.

भातसा नदीवर गळ टाकून बसणारा माणूस आठवा. काठी हलते ती त्याच्या मुठीतून. काठीला स्वतःचा जीव नाही, पण टोकाला मासा नुसता चाटून गेला तरी मुठीला कळते. मिशीची रचना तशीच आहे. चाबूक म्हणजे काठी आणि देठ म्हणजे मूठ. देठाच्या आत एक बारीक इंद्रिय असते. चाबूक किंचित जरी लवला तरी ते ओळखते. ख्रिस्तोफर जॉन्स्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १८५५ मध्ये डासाच्या मिशीत त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला जॉन्स्टनचे इंद्रिय म्हणतात.

बूड आणि देठ बहुतेक कीटकांत सारखेच असतात. काम बदलते तसा पुढचा चाबूक बदलतो. कुठे तो धाग्यासारखा, कुठे पिसासारखा, कुठे पंख्यासारखा, तर कुठे कोपरात वाकलेला असतो.

वास टिपणारी मिशी

पावसाळ्यात शहापूर-मुरबाडच्या रानात ॲटलस नावाचा मोठा पतंग दिसतो. पंख पसरले की २४ सेंटीमीटरपर्यंत भरतो, म्हणजे वीतभर किंवा त्याहूनही थोडा मोठा. हा पतंग काहीच खात नाही. त्याचे तोंड खाण्याच्या कामाचे नसते. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो, तोही रात्रीच्या अंधारात. म्हणून नराची मिशी पिसासारखी किंवा दोन्ही बाजूंनी दात असलेल्या फणीसारखी असते. मादीची मिशी त्यामानाने अरुंद असते, कारण तिला शोधत फिरायचे नसते. ती एका जागी बसून वास सोडते.

फणीच का? मच्छरदाणीतून वारा आरपार जातो. तिच्या जागी जाड चादर टांगली तर वारा चादरीला वळसा घालून निघून जातो. नराच्या मिशीचे दात फार दाट असते तर वाऱ्याने मिशीलाच वळसा घातला असता. फार विरळ असते तर वास दातांमधून तसाच निसटला असता. दोन्हींच्या मधले अंतर राखलेले असल्यामुळे वारा आतून जातो आणि जाता जाता वासाचे कण केसांना चिकटतात. प्रत्येक केसाला सूक्ष्म छिद्रे असतात. आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीपेक्षा ती हजारो पटींनी लहान असतात. त्यांतून वास आत शिरतो आणि नसेपर्यंत पोहोचतो.

हा वास म्हणजे नेमके काय, हे प्रथम रेशमाच्या पतंगावरून कळले. जर्मन शास्त्रज्ञ ॲडॉल्फ बुटेनांट यांनी सुमारे ५ लाख माद्यांपासून काही मिलिग्रॅम शुद्ध पदार्थ वेगळा केला आणि १९५९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे असे दिसले की नराच्या मिशीतली एक पेशी जागी व्हायला या पदार्थाचा एकच रेणू पुरतो. आपल्या नाकाला गोळीचा वास येत नाही यात म्हणूनच नवल नाही. ती गोळी आपल्या नाकासाठी केलेलीच नाही.

आता भेंडीकडे या. भेंडीचे शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीचा पतंग लहान असतो आणि त्याची मिशी पिसासारखी नसून धाग्यासारखी असते. पण तिच्यावरही वास टिपणारे केस दाटीने असतात. रात्री मादी वास सोडते. नराला तो लागला की तो वाऱ्याच्या उलट दिशेने उडू लागतो. वास तुटला की डावीकडे-उजवीकडे हेलकावे घेत पुन्हा शोधतो. असे करत तो मादीपर्यंत पोहोचतो. रबरी गोळीत मादीच्या याच वासाची नक्कल भरलेली असते. नर गोळीकडे येतो, नरसाळ्यावर धडपडतो आणि पिशवीत पडतो. म्हणून याला कामगंध सापळा म्हणतात.

प्रत्येक जातीचा वास वेगळा असतो. भातावरच्या पिवळ्या खोडकिड्याच्या मादीच्या वासात दोन मुख्य रसायने साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. भेंडीच्या पतंगाला त्या वासाचे काही देणेघेणे नसते. कुलूप तेच, पण किल्ली वेगळी असली तर दार उघडत नाही. यातच या सापळ्याचा मोठा फायदा आहे. मधमाशी, चतुर, किडी खाणारा कोळी, यांपैकी कुणालाही तो बोलावत नाही. फवारा मात्र मित्र आणि शत्रू दोघांनाही एकाच मापाने मोजतो.

ऐकणारी मिशी

मगरिबच्या सुमारास अंगणात डासांचा थवा एका जागी वरखाली नाचताना दिसतो. ते बहुतेक नर असतात आणि ते चावत नाहीत. मादी जवळून उडाली की तिच्या पंखांचा आवाज होतो. तिचे पंख सेकंदाला साधारण ४०० ते ५०० वेळा हलतात. नराच्या मिशीवर लांब केसांचा झुपका असतो. त्या आवाजाने हवा थरथरली की झुपकाही थरथरतो आणि देठातले जॉन्स्टनचे इंद्रिय ते टिपते. एवढ्याशा देठात सुमारे १५,००० संवेदनापेशी असतात. हिवताप पसरवणाऱ्या ॲनॉफिलीस जातीचे नर तर दिवसभर हे केस मिटून ठेवतात आणि थव्याची वेळ झाली की उघडतात. डेंग्यूचा एडिस दिवसाही फिरतो. त्याच्या नराचे केस कायम उघडे असतात.

चावते ती मादी. तिच्या मिशीवर केस विरळ असतात. आपल्या घामाचा आणि त्वचेचा वास ती मिशीने घेते आणि आपला श्वास तोंडाजवळच्या छोट्या अवयवांनी ओळखते.

आता मोबाइलमधल्या ‘डास पळवणाऱ्या’ ॲपचा विचार करा. आपल्याला ऐकू न येणारा, सेकंदाला २०,००० पेक्षा जास्त कंपनांचा आवाज काढतो असा त्याचा दावा असतो. डासाची मिशी त्याच्या कितीतरी खालच्या आवाजांसाठी घडलेली आहे. शिवाय मादी आपल्याला शोधते ती वासावरून. अशा आवाजाच्या यंत्रांवर वेगवेगळ्या देशांत उघड्यावर घेतलेल्या १० चाचण्यांचा एकत्रित आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र चालू असो वा बंद, डासांचे बसणे कमी झाले नव्हते. तेव्हा ॲपवर विसंबून तान्ह्या बाळाला मच्छरदाणीशिवाय झोपवू नका. पिंप झाकणे, आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी करणे आणि मच्छरदाणी खोचणे हेच उपाय खरे.

चाचपणारी मिशी

रात्री स्वयंपाकघरात दिवा लावला की झुरळ भिंतीच्या कडेने सुसाट पळते. मोरीतले मोठे तांबडे झुरळ सेकंदाला दीड मीटरपर्यंत वेग गाठू शकते. एवढ्या वेगात, अंधारात ते भिंतीवर आदळत का नाही?

त्याची मिशी अंगाएवढी लांब असते आणि तिच्यात दीडशेच्या आसपास कडी असतात. ती बुडाशी ताठ असते आणि टोकाकडे भराभर लवचीक होत जाते. पळताना टोक भिंतीच्या खडबडीतपणात अडकते आणि मिशी मागे वळते. मग ती भिंतीला घासत राहते. भिंत जवळ आली की वळण मोठे होते, लांब गेली की कमी होते. त्यावरून झुरळ पावलापावलाला दिशा सुधारते. मिशी सगळीकडे सारखीच ताठ असती तर टक्कर होताच मोडली असती. सगळीकडेच मऊ असती तर दोरीसारखी लोंबकळली असती. आणखी एक गंमत अशी की वाकलेली मिशी सोडली तर ती तारेसारखी थरथरत राहत नाही. एका झटक्यात सरळ होते, त्यामुळे पुढचा स्पर्श लगेच कळतो.

यातून घरासाठी एक सोपी गोष्ट निघते. झुरळ फरशीच्या मध्यातून क्वचितच जाते. म्हणून झुरळाचे जेल लावायचे असेल तर ते भिंतीच्या कडेला, फटीजवळ, सिलिंडरच्या मागे लावावे. सगळ्या ओट्यावर फवारा मारण्याची गरज नसते.

तोल सांभाळणारी मिशी

अंगणातल्या कण्हेरीवर कधीकधी जाड हिरवी अळी दिसते. मागे छोटे शिंग आणि पुढच्या बाजूला निळ्या डोळ्यांसारखे दोन ठिपके. तिचा पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा होतो आणि संध्याकाळी फुलासमोर हवेत एका जागी थांबून मध पितो. असे थांबायला विलक्षण तोल लागतो.

हा तोल कुठून येतो, हे संजय साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तंबाखूवरच्या अशाच एका पतंगावर प्रयोग करून शोधले. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. मिशीचा चाबूक कापला की पतंग भिंतींवर आदळू लागले आणि खाली पडू लागले. तोच तुकडा पुन्हा चिकटवला की ते बऱ्यापैकी सरळ उडू लागले. चिकटवलेल्या तुकड्यातल्या नसा तर तुटलेल्याच होत्या, म्हणजे त्याला वास येणे शक्य नव्हते. परत आले होते ते फक्त वजन आणि लांबी. शरीर वळले की काठी किंचित मागे राहते आणि देठाला ते कळते. साने पुढे बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये आले आणि तिथे त्यांच्या प्रयोगशाळेत आपल्या कण्हेरीच्या पतंगाच्या मिशांवरही अभ्यास झाला.

म्हणजे एकच मिशी नाकही होते आणि तोल राखणारी काठीही.

ज्याचे काम नाही, तिथे मिशी छोटी

तळ्यावर फिरणारा चतुर पाहा. त्याची मिशी दाढीच्या खुंटाएवढी असते, कारण तो शिकार डोळ्यांनी करतो. पावसाआधी माळशेजच्या पायथ्याशी चमकणाऱ्या काजव्याच्या नराचे डोळे मोठे आणि मिशी साधी असते. त्याला मादीचा प्रकाश पाहायचा असतो. शेण नेणाऱ्या भुंग्याच्या मिशीच्या टोकाला मात्र छोटा पंखा असतो. उडताना तो पंखा उघडून वास घेतो आणि जमिनीत शिरताना पाने मिटावीत तसा मिटून घेतो.

मुंगीची मिशी कोपरात वाकलेली असते, त्यामुळे तिचे टोक जमिनीलाही पोहोचते आणि समोरच्या मुंगीच्या अंगालाही. ही आपल्या घरची की परकी, हे ती अंगावरच्या वासाने ओळखते. अशी मिशी घाण राहून चालत नाही. मुंगीच्या पुढच्या पायात कंगव्यासारखी खाच असते. तिच्यातून ती मिशी ओढून काढते. झुरळ मिशी तोंडातून ओढून साफ करते. शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की झुरळाला मिशी साफ करू दिली नाही तर तिच्यावर मेण साचते, छिद्रे बुजतात आणि वास कमी येतो. कुदरतीने अवयव दिला, पण त्याची निगा त्या जिवावरच सोपवली.

आता सापळ्याकडे

ताई, तुमच्या सापळ्याला ही सगळी माहिती लावून पाहू.

पहिली गोष्ट, सापळा फक्त नर पकडतो. मीलन होऊन गेलेली मादी सापळ्याकडे येत नाही आणि अंडी घालतच राहते. म्हणून भेंडीला फळे लागून अळी दिसल्यावर सापळा लावण्यात फारसा अर्थ नाही. रोपे वीतभर झाली की, कळ्या येण्याआधीच लावा.

दुसरी गोष्ट, वास वाऱ्यावर जातो. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर ठेवा आणि पीक वाढेल तसा वर सरकवा. पानांत बुडालेल्या सापळ्याचा वास पसरत नाही.

तिसरी गोष्ट, गोळीला तंबाखूचा, साबणाचा किंवा औषधाचा हात लावू नका. पाकीट घेताना ती भेंडीच्या अळीचीच आहे ना, हे विचारा. एका सापळ्यात दोन जातींच्या गोळ्या घालू नका. गोळीचा वास हळूहळू संपतो. पाकिटावरची मुदत, बहुधा तीन ते चार आठवडे, झाली की ती बदला.

चौथी गोष्ट, दर दोन-तीन दिवसांनी पिशवीतले पतंग मोजून वहीत लिहा. आकडा वाढू लागला तर आठवडाभरात अळी दिसणार असे समजा. भेंडीचे माना टाकलेले शेंडे खुडा, कीड लागलेली फळे तोडा आणि दोन्ही नष्ट करा. गरज पडली तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा. एवढ्यानेही भागले नाही तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारून त्या किडीपुरते औषध घ्या. डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, तेही डब्यावर लिहिलेले असते.

हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, नाहीतर निबर होते. डब्यावर पाच दिवस लिहिले असतील आणि आपण दुसऱ्याच दिवशी तोडली, तर ते विष तोडणाऱ्या बाईच्या हातावर आणि खाणाऱ्याच्या ताटात जाते. शहापूर-मुरबाडची भेंडी मुंबईला जाते, परदेशातही जाते, आणि तिकडे औषधाचा अंश सापडला तर माल नाकारतात. आपल्या स्वतःच्या ताटातली भेंडी मात्र कुणी तपासत नाही. फवाऱ्याची एक पाळी जरी टळली तरी ती तुमच्या हातांची आणि मुलांच्या पोटाची कमाई आहे.

सापळ्याने सगळेच होईल असे मात्र नाही. तुडतुडे आणि पांढरी माशी या वासाला येत नाहीत. पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे ओढली जाते, म्हणून तिच्यासाठी पिवळा चिकट सापळा लागतो. तिथे काम मिशीचे नाही, डोळ्यांचे आहे. आणि तुमच्या एकरात सापळे असून शेजारच्या शेतात नसतील, तर तिकडे मीलन झालेल्या माद्या तुमच्याकडे उडून येतील. म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी एकाच वेळी सापळे लावले तर फायदा खूप वाढतो. हे काम बायकांनी आपसात ठरवले तर लवकर जमेल.

भातालाही हाच धडा लागू आहे. खोडकिड्याची अळी खोडात शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही आणि शेवटी पळींज हाती येते. पुढच्या पावसात लावणीनंतर पहाऱ्यासाठी हेक्टरी ५ सापळे लावा. पतंग पकडून कमी करायचे असतील तर २० लागतात. सध्या मात्र एक काम करून ठेवा. कापलेल्या भाताचे धसकट नांगरून घ्या, कारण अळी त्यातच दडून बसते.

मुलांसाठी या महिन्याचा अभ्यास : एक भिंग घ्या. मेलेला डास पांढऱ्या कागदावर ठेवा आणि मिशी पाहा. झुपका असेल तर नर, विरळ केस असतील तर मादी. दहा डास पाहून आकडे लिहा. मुंगी मिशी कशी पुसते, हे साखरेच्या दाण्याजवळ बसून पाहा.

आणि पत्र लिहिणाऱ्या ताईंना विनंती. सापळ्यांतल्या पतंगांचा महिनाभराचा हिशेब आम्हाला पाठवा. किती पतंग पडले आणि फवाऱ्याच्या किती पाळ्या टळल्या, हे इतर भगिनींनाही वाचायला आवडेल.